दुसरी रेषा

टेकाळे मॅडमना राग येतो, हे नव्या बॅचला पहिल्याच तासाला कळायचं. कुणीतरी हात वर करायचं, "मॅडम, ह्याची ट्रिक काय?" मग मॅडम हातातला खडू टेबलावर ठेवायच्या. फेकायच्या नाहीत, ठेवायच्या. आणि विचारायच्या, "आपण गणिताच्या तासाला आला आहात की जादूच्या प्रयोगाला?"

वर्ग हसायचा. त्या हसायच्या नाहीत. ट्रिक ह्या शब्दाचा त्यांना खरोखर राग होता, आणि त्या रागाला जुनं कारण होतं.

टेकाळे मॅडम म्हणजे जया, मूळची निलंग्याकडची. बारावीपर्यंत तालुक्याच्या कॉलेजात शिकली. तिथल्या गणिताच्या सरांचं एक धोरण होतं. जे प्रकरण शिकवायला त्रास होतो, ते ऑप्शनला टाकायचं. निर्देशक भूमिती त्यांनी अशीच टाकली. "पेपरात ऑप्शन असतो, बाकीचं पाठ करा, पास व्हाल." पोरं पास झाली. जया तर तालुक्यात पहिली आली, हार घालून फोटो निघाला, आणि एक्याण्णव साली बी.एस्सी.ला ती पुण्याला आली.

पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी तिला फळ्यापाशी बोलावलं. दोन बिंदू दिले आणि त्यांतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण मांडायला सांगितलं. जया खडू हातात घेऊन उभी राहिली. तिला काहीच येत नव्हतं. प्राध्यापक रागावले नाहीत. पुणेरी नम्रतेने एवढंच म्हणाले, "बारावी झालेली आहे ना आपली? नाही, खात्री करून घेतो."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. जया जागेवर जाऊन बसली. तिला प्राध्यापकांचा राग आला नाही. राग आला तो गावाकडच्या सरांचा. त्यांनी एक प्रकरण टाकलं नव्हतं, पुढचा सगळा रस्ताच टाकून दिला होता, आणि वर हार घालून फोटो काढला होता. त्या रागातच तिने अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणली आणि हॉस्टेलच्या खोलीत बसून सगळं मुळापासून शिकली. बिंदू म्हणजे काय, चढ म्हणजे काय, रेषा वर जाताना पुढे किती सरकते. प्रत्येक गणिताची आकृती काढायची, आकृती पटल्याशिवाय समीकरणाला हात लावायचा नाही. कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे कुणी वाईट सवयही लावली नव्हती. महिनाभरात ती फळ्यापाशी गेली आणि मागच्या बाकांवर कुणी हसलं नाही.

एम.एस्सी. झाली, बी.एड. झालं, लग्न झालं. नवरा बद्रीनाथ परभणीकडचा, भोसरीच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या विभागात होता. बोलायला मंद, स्वभावाने शांत. विश्रांतवाडीत दोन खोल्यांचं घर घेतलं. जयाला एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळालं. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये निरोप, असं वर्षानुवर्षं चाललं. कायम करण्याचा विषय निघाला की कायम करणारे साहेब नेमके रजेवर असायचे.

तेही तिने सोसलं असतं. पण वर्गात मुलंच येईनाशी झाली. ते दिवसच तसे होते. हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, ज्याच्या त्याच्या घरात कुणाचा तरी भाचा अमेरिकेला चालला होता, आणि शहराच्या चारी वाटांवर इंजिनिअरिंगची कॉलेजं उगवत होती. प्रत्येक पोराला कॉम्प्युटर हवा होता, आणि त्यासाठी प्रवेश परीक्षा, आणि परीक्षेसाठी क्लास. कॉलेजाने एका क्लासशी आतून संधान बांधलं. मुलं दिवसभर क्लासमध्ये, हजेरी कॉलेजात. जया सकाळी तासाला जायची तेव्हा समोर रिकामे बाक आणि कोपऱ्यात दोन मुली, त्याही मैत्रिणीची वाट बघत बसलेल्या.

"हजेरीपटावर नव्वद मुलं आहेत," ती पर्यवेक्षकांना म्हणाली. "मला दोन दिसतात. बाकीची अदृश्य आहेत का?"

"मॅडम, आपण तासाचं मानधन घ्या आणि शांत राहा."

त्या वर्षी तिने स्वतःच निरोप घेतला आणि मुलं जिथे होती तिथे गेली. म्हणजे क्लासमध्ये.

क्लास आगटे सरांचा. सुहास आगटे अमेरिकेत कॉम्प्युटर कंपनीत काही वर्षं राहून परतलेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज कधी चढत नाही, शिपायालाही अहो-जाहो. शहरात त्यांची अनेक केंद्रं होती आणि प्रत्येक केंद्रावर त्यांच्या प्रश्नसंचाची जाडजूड पुस्तकं. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला चौकटीत ट्रिका. सरळ रेषांच्या प्रकरणात पहिलीच चौकट अशी होती: बिंदू दिला आहे? रेषेचा चढ एम माना, समीकरण मांडा, अट घाला, एम काढा, मोकळे व्हा.

जया ती चौकट मुलांना खोडायला लावायची. आगट्यांच्या कानावर हे गेलं होतं, पण मुलं तिच्या तासाला खिळून बसायची, म्हणून ते काही बोलत नव्हते.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर सगळ्या केंद्रांवर एक मोठी चाचणी झाली. त्या चाचणीतून वरच्या साठ मुलांची खास बॅच निघणार होती. तिला वेगळे शिक्षक, वेगळी खोली, आणि रस्त्यावर फ्लेक्सवर फोटो. निकाल लागला, फ्लेक्स लागला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारावीतली एक मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

तेजस्विनी वाघोलीची. घर शेतकऱ्याचं, निम्मी जमीन बिल्डरला गेलेली. नगर रोडवरून पीएमटीला लोंबकळत ती रोज यायची आणि वर्गात कधी तोंड उघडायची नाही. आज तिच्या हातात प्रश्नपत्रिका होती.

"मॅडम, हे जरा बघता का? उत्तर एक दिलंय. माझ्या आकृतीत दोन येतायत."

प्रश्न साधा होता. (3, 1) ह्या बिंदूतून जाणाऱ्या आणि आरंभबिंदूपासून 3 एकक अंतरावर असणाऱ्या रेषा किती? पर्याय चार: एकही नाही, एक, दोन, असंख्य. क्लासचं उत्तर, एक. तेजस्विनीने लिहिलं होतं, दोन. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात होते. तेवढ्यानेच ती साठाच्या बाहेर राहिली होती.

जयाने कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने एक वर्तुळ काढलेलं होतं, आणि बाहेरच्या एका बिंदूतून त्या वर्तुळाला दोन बाजूंनी चाटून जाणाऱ्या दोन रेषा.

"वर्तुळ काढायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही." मुलगी घाबरली. "आरंभबिंदूपासून तीन अंतरावर म्हणजे तीन त्रिज्येच्या वर्तुळाला टेकूनच जाणार ना रेषा? बिंदू बाहेर आहे. मग एक इकडून जाईल, एक तिकडून."

"बस खाली," जया म्हणाली.

क्लासची चूक कुठे झाली हे तिला बघताक्षणी कळलं होतं, तरी तिने मुलीसमोर सगळं मांडलं. चढ एम मानला. अंतराची अट घातली. दोन्ही बाजूंचा वर्ग केला. दोन्हीकडे नऊ गुणिले एमचा वर्ग आला आणि उडाला. उरलं ते साधं समीकरण, त्यातून एमची एकच किंमत, उणे चार तृतीयांश. रेषा एकच, 4x + 3y = 15. पुस्तकवाले इथे मोकळे झाले होते.

"मग दुसरी कुठे गेली?" तेजस्विनीने विचारलं.

"ती उभी आहे. x = 3. नुसती वर जाते, पुढे तसूभर सरकत नाही. चढ काढायचा म्हणजे वर किती गेली त्याला पुढे किती सरकली त्याने भागायचं. ही सरकतच नाही, म्हणजे शून्याने भागायचं, ते करता येत नाही. म्हणून तिला चढच नाही. आणि आपण पहिल्याच ओळीत म्हटलं, चढ एम माना. तिथेच तिला बाहेर काढलं. मग ती सापडणार कुठून?"

"म्हणजे माझं बरोबर आहे?"

"तुझं बरोबर आहे," जया म्हणाली, आणि तिचा आवाज असा चढला की शेजारी डबा खाणारे केमिस्ट्रीचे सर घास हातात धरून थांबले.

मुलीचं चुकलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हिने नीट विचार केला होता, आणि नीट विचार केल्याबद्दल हिचे गुण कापले होते. ज्यांनी विचार केला नाही त्यांचे फोटो रस्त्यावर लागले होते.

ती तशीच आगट्यांच्या केबिनमध्ये गेली. त्यांनी कागद बघितला. ते हुशार होते, त्यांना क्षणभरही लागला नाही.

"बरोबर आहे आपलं. उत्तर दोन."

जया भांडायच्या तयारीने आली होती. हे ऐकून ती जरा सैल झाली. "मग दुरुस्ती लावू या. सगळ्या केंद्रांवर."

"तेवढं शक्य नाही, मॅडम." आगटे चष्मा पुसत म्हणाले. "यादी लागली. फ्लेक्स लागले. पालकांनी पेढे वाटले. एक उत्तर बदललं की खालचे वर येतील, वरचे खाली जातील. आज हा प्रश्न, उद्या पालक म्हणतील तोही तपासा. पुढच्या आवृत्तीत बघू."

"आणि तोवर सगळ्या केंद्रांवरची मुलं एक रेषा आहे असं समजून राहतील?"

"मुख्य परीक्षेत इतकं अवघड येत नाही."

"अवघड? परकार हातात घेतला की दिसतं. तुमच्या चौकटीने त्यांच्या हातातला परकार काढून घेतलाय."

"आपण शांतपणे बोलू या का?"

"मी शांतपणेच बोलतेय. ओरडले की फरक कळेल आपल्याला."

आगटे हसले. तो त्यांचा नेहमीचा उपाय होता. समोरचा पेटला की हसायचं आणि चहा मागवायचा. चहा आला. जयाने कपाला हात लावला नाही.

घरी ती भाकऱ्या थापता थापता बोलत राहिली. बद्रीनाथ पाटावर बसून ऐकत होता.

"उत्तर चुकलं हे त्यांना माहीतच नसतं, तर मी समजून घेतलं असतं. कळतंय त्यांना. कळूनसवरून म्हणतात, राहू द्या."

"आमच्याकडेही तेच," बद्रीनाथ म्हणाला. "माप बसत नाही म्हणून मी माल बाजूला काढतो. संध्याकाळी तो ट्रकमध्ये असतो."

"मग तुम्ही काय करता?"

"दुसऱ्या दिवशी परत बाजूला काढतो."

"आणि राग?"

"तो तू दोघांच्या वाटचा करतेस की."

दुसऱ्या दिवशी सकाळी जया वर्गात गेली. शंभरावर मुलं होती. ठरलेलं प्रकरण तिने काढलंच नाही. फळ्यावर तोच प्रश्न लिहिला, आणि म्हणाली, "परवाच्या चाचणीत ह्याचं उत्तर एक असं दिलंय. ते चूक आहे. क्लासला ठाऊक आहे की चूक आहे, आणि क्लास ते बदलणार नाही. त्यामुळे आपणच बदलून घेऊ. तेजस्विनी, उभी राहा."

तेजस्विनी उभी राहिली. मान खाली.

"एवढ्या मोठ्या वर्गात ह्या एका मुलीने डोकं वापरलं. बाकीच्यांनी चौकट वापरली. ज्यांचे फोटो लागलेत त्यांनीसुद्धा."

मग तिने वर्तुळ काढलं, रेषा काढल्या, एम मांडून तो उडतो कसा ते दाखवलं, आणि मोठ्या अक्षरांत x = 3 लिहून त्याच्याखाली अशी रेघ मारली की खडू तुटला. मुलं भराभरा उतरवून घेत होती. पुढच्या बाकावर खास बॅचमध्ये निवडलेला एक मुलगा मात्र पेन खाली ठेवून तेजस्विनीकडे बघत होता.

दुपारपर्यंत पालकांचे फोन सुरू झाले. चारच्या सुमारास आगट्यांनी जयाला बोलावलं. आवाज तसाच, मऊ.

"उद्यापासून आपण आला नाहीत तरी चालेल."

"उद्यापासून कशाला," जया म्हणाली, "मी आत्ताच आले नाही असं समजा."

केमिस्ट्रीचे सर जिन्यापर्यंत सोडायला आले. बाकी कुणी खुर्चीतून उठलं नाही.

पुढचा आठवडा जयाने घरात काढला. तिला वाटत होतं, मुलं काहीतरी करतील, पालक विचारायला जातील, निदान तेजस्विनीच्या घरचे तरी. रविवारी सकाळी दारात जीप थांबली. तेजस्विनी आणि तिचे आजोबा गेनबा, पांढरी टोपी, हातात काठी. बद्रीनाथने खुर्ची पुढे केली. म्हातारा बसला नाही.

"बाई, मिटलं सगळं," गेनबा म्हणाले. "मी सोता गेलतो त्या सरांकडं. पोरीला वरच्या वर्गात घेतलीय. एक जागा वाढवली म्हनं. तवा आता तुमी कुटं काय बोलू नका. एवढंच सांगाया आलोय."

जयाला ते उमजायला जरा वेळ लागला. "म्हणजे यादी तीच. उत्तर तेच, एक."

"उत्तराचं काय करायचंय आपल्याला? पोरीला कालेज पायजे."

"आणि बाकीच्या केंद्रांवर ज्यांनी दोन लिहिलं असेल, त्यांचं?"

"त्यांचं त्यांचे आजे बघतील की."

जया तेजस्विनीकडे वळली. "आणि तू हो म्हणालीस? तुझं उत्तर बरोबर होतं. तू त्यावर पाणी सोडलंस, एका जागेसाठी?"

एरवी गप्प असणारी ती मुलगी त्या दिवशी बोलली.

"मॅडम, माझं बरोबर होतं हे मला तुम्ही सांगितलंत तेव्हाच कळलं. तेवढंच मला पाहिजे होतं. वर्गात माझं नाव घेऊ का, हे तुम्ही मला विचारलंत का? तुम्ही गेलात. मी तिथेच आहे रोज. मला सगळे डबल लाइन म्हणतात. मुलं डोळे मारून म्हणतात. ज्यांचे फोटो लागले ते माझ्या शेजारी बसत नाहीत. आणि तुम्ही म्हणालात, ह्या एकीनेच डोकं वापरलं. आता मी कुणाशी बोलू तिथे?"

"मी खोटं बोलले का?"

"नाही. पण तुम्ही माझ्यासाठी नाही भांडलात. तुम्ही त्या सरांशी भांडत होता. मी नुसती मध्ये उभी होते."

"जा तू," जया म्हणाली. "जा. साठात एकसष्टावी हो."

जीप गेली. जयाने दार इतक्या जोरात लावलं की वरच्या बाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. तीन दिवस ती तेजस्विनीवर रागावलेली होती. कृतघ्न, भित्री, आजोबांच्या जीपमधली. चौथ्या दिवशी भांडी घासताना तिला वर्गातली ती खाली घातलेली मान आठवली. आणि मग स्वतःची, एक्याण्णव सालची, फळ्यापाशी उभी असलेली. ह्या मुलीला तर सगळं येत होतं. तरी तिला तसंच उभं केलं होतं, आणि ते करणारे कुणी प्राध्यापक नव्हते.

ते कळल्याने राग गेला नाही. आगट्यांवरचा होता तेवढाच राहिला. फक्त आता त्यात स्वतःचाही वाटा आला, आणि तो कुणावर काढता येत नव्हता. बद्रीनाथला तिने काही सांगितलं नाही. त्याने कपात चहा ओतून समोर ठेवला आणि कामाला गेला.

फेब्रुवारीत एका दुपारी दारावर टकटक झाली. तेजस्विनी एकटीच होती.

"नवे सर आलेत," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "ते फक्त चौकटी वाचतात. मला दोन रेषांमधल्या कोनाचं काही कळत नाहीये. मॅडम, मी तुमच्याकडे येऊ का? क्लासमध्ये कळू देणार नाही. घरीही नाही."

"चोरून?"

"हो."

"मी चोरून शिकवत नाही. घरी सांग, मग ये."

मुलीचे डोळे भरले. जयाला वाटलं, आता दोन शब्द बोलावेत. तोंडातून आलं ते वेगळंच. "आणि एवढ्या उन्हात रिकाम्या पोटी आलीयेस ना? चप्पल काढ. आत ये. पोहे खा, मग जा."

दोन दिवसांनी गेनबा स्वतः तिला घेऊन आले. ह्या वेळी खुर्चीवर बसले.

"शिकवा पोरीला. पन बाई, तिचं नाव घेऊन कुटं काय बोलायचं न्हाई."

"नाही बोलणार," जया म्हणाली. मग तेजस्विनीकडे बघून पुन्हा म्हणाली, "नाही घेणार नाव."

इतकंच. तेजस्विनीने मान हलवली आणि वही उघडली.

मार्चपर्यंत तिच्याबरोबर वाघोलीच्या आणखी चार मुली येऊ लागल्या. दोन खोल्यांत मावेनात, तेव्हा गेनबांनी घराशेजारची शेड दिली. जमीन गेल्यावर ट्रॅक्टरही विकला होता, शेड रिकामीच होती. बद्रीनाथने सुट्टीच्या दिवशी भिंतीला काळा रंग देऊन फळा केला. वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन, बाहेर नगर रोडच्या ट्रकांचा गोंगाट. जया तिथेही ओरडायची. आकृती नसलेली वही परत करायची, अर्ध्यात सोडलेलं गणित पुन्हा करायला लावायची. पण कुणाला उभं करून दुसऱ्याला बोल लावणं तिने सोडलं. जे सांगायचं ते त्या मुलीच्या वहीशेजारी बसून सांगायची, त्याच चढ्या आवाजात.

मे महिन्यात परीक्षा झाली. त्यात तो प्रश्न आला नाही, त्याच्या आसपासचाही नाही. तेजस्विनीला शहरातलं नावाजलेलं कॉलेज थोडक्यात हुकलं. वाघोलीतल्याच, घरापासून चालत जाण्याजोग्या एका कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला. गेनबांनी पेढे आणले. जयाने पेढा घेतला आणि म्हणाली, "हिला आणखी वर मिळायला हवं होतं."

"बाई, गोड मानून घ्या की कवातरी," गेनबा म्हणाले.

जुलैत शेडमधल्या मुलींसाठी पुस्तकं घ्यायला ती अप्पा बळवंत चौकात गेली. दुकानाच्या फळीवर आगट्यांच्या प्रश्नसंचाची नवी आवृत्ती होती. तिने सरळ रेषांचं प्रकरण उघडलं. तो प्रश्न होता. उत्तर, दोन. खाली स्पष्टीकरण आणि आकृती. तिचंच वर्तुळ, तिच्याच क्रमाने, आणि वाक्यही तिचंच: "ही रेषा नुसती वर जाते, पुढे सरकत नाही." वर्गात कुणीतरी उतरवून घेतलेलं त्यांनी जसंच्या तसं छापलं होतं. चूकदुरुस्तीची ओळ कुठेच नव्हती. जणू हे उत्तर आधीपासून असंच होतं.

दुकानदार म्हणाला, "घ्यायचं असेल तर घ्या, ही वाचनशाळा नाही."

तिने पुस्तक खाली ठेवलं आणि तडक क्लासवर गेली. शिपायाने अडवलं नाही, तिला ओळखून बाजूलाच झाला. आगटे उठून उभे राहिले, खुर्ची दाखवली.

"उत्तर बदललंत," ती म्हणाली.

"मी म्हटलंच होतं ना आपल्याला, पुढच्या आवृत्तीत बघू. बघितलं."

"चूक झाली होती, असं कुठेच नाही लिहिलेलं."

"त्याने मुलांचा गोंधळ होतो. आता बरोबर आहे ना, मॅडम? मग तक्रार काय आपली?"

"तक्रार ही, की गेल्या वर्षी ज्यांचे गुण कापलेत त्यांना आपण अजून खोटं पाडलेलं आहे. ती मुलं आयुष्यभर समजणार, आपलंच चुकलं होतं. त्यांना एक ओळ लिहून कळवायला काय जात होतं?"

आगट्यांनी सवयीने बेल वाजवली. "चहा घेणार?"

"चहाने भागतं असं वाटतं आपल्याला," जया म्हणाली. "प्रत्येक वेळी. आणि खरं सांगू, भागतंही. म्हणूनच संताप होतो." ती उठली आणि शिपाई कप घेऊन आत येत असताना त्याला वाट देऊन बाहेर पडली.

बाहेर बॅच सुटली होती. मुलांचे लोंढे जिन्यावरून उतरत होते, प्रत्येकाच्या काखेत तेच पुस्तक. एकाने तिला ओळखलं, "गुड इव्हनिंग मॅडम" म्हणाला. तिने मान हलवली. बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून ती कंडक्टरशी भांडली, आणि त्यात चूक तिचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये नवी बॅच होती. वाघोलीच्या, लोणीकंदच्या, एक तर पार शिक्रापूरहून आलेली. बाईंचा चेहरा बघून जुन्या मुलींनी नव्यांना खुणावलं, आज गप्प बसा. जयाने पदर खोचला, भिंतीवरचा फळा ओल्या फडक्याने पुसला, वाळेपर्यंत थांबली, आणि पॅराबोलाची आकृती काढून नव्या प्रकरणाला सुरुवात केली.